जरीच्या शेडमधलं नेटवर्क

माझ्या लहानपणी आबा सुरतेला लूमवर होते. पारोळ्याकडच्या आमच्या गावातले निम्मे बाप तेव्हा सुरतेतच होते, त्यामुळे घरात बाप नसण्याचं कोणाला विशेष वाटायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते यायचे. येताना ताग्याचे तुकडे आणायचे आणि आई त्यातून माझा फ्रॉक, धाकट्या भावाचा सदरा आणि उशीची खोळ एकाच छापाची शिवायची. एका दिवाळीत तर आमच्या घरात माणसं कोणती आणि उशा कोणत्या ते कळू नये, अशी स्थिती होती.

आबांशी बोलणं हा मोठाच प्रश्न होता. पुढे त्यांनी मोबाइल घेतला, पण पत्र्याच्या शेडमध्ये रेंज यायची नाही, आणि आली तरी लूमच्या खडखडाटात घंटी ऐकू यायची नाही. भावाला मेंदूज्वर झाला तेव्हा आई त्याला घेऊन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बसली होती आणि मी दारातल्या दुकानातून आबांना फोनवर फोन लावत होते. पाळी सुटून ते शेडबाहेर आले तेव्हा त्यांना कळलं. ते पोचेपर्यंत भावाचा ताप उतरला होता, पण आईने ते दोन दिवस एकटीने काढले. त्यानंतर कितीतरी वर्षं आई सुरतेचं नाव घ्यायची नाही. "ते गाव" म्हणायची.

त्या गावाला मी गेल्या दिवाळीत गेले, इंजिनियर म्हणून. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं, हे मी पहिल्या परिच्छेदांतच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. तिथे काय पाहिलं, काय खाल्लं आणि काय करून आले, ते जे गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहिते.

चलथाण

मी पुण्याच्या ज्या कंपनीत आहे ती कारखान्यांना त्यांचं स्वतःचं वायरलेस नेटवर्क उभारून देते. सोपं करून सांगायचं तर, आपल्या फोनला रेंज देणारा टॉवर म्हणजे गावचा नळ. सगळ्यांचा असतो, लग्नसराईत पाणी कमी येतं आणि तक्रार केली तर कोणी दाद देत नाही. आम्ही कारखान्याच्या आवारात विहीर खणून देतो. लहरी परवानाधारक मोबाइल कंपनीच्याच असतात, पण अँटेना कारखान्याच्या छपराखाली, सिम कारखान्याची, आणि पाणी दुसरं कोणी उपसत नाही. बंदरं, खाणी, सिमेंटचे कारखाने यांनी हे आधी घेतलं. आता कापडवालेही विचारू लागले आहेत.

हा कारखाना जरीचा. सुरतेजवळच्या चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून. साखर कारखान्याचा गाळप हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि मळीचा तो आंबूस गोड वास दिवसभर नाकात राहायचा. जरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पैठणीचा काठ आला होता. इथे पाहते तर प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा देतात, तिचे माणसाच्या कमरेएवढे जाड रोल होतात आणि त्या फिल्मच्या केसाएवढ्या पट्ट्या कापून धागा होतो. हे रोल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला मालकांनी बिनड्रायव्हरच्या ट्रॉल्या आणल्या होत्या. त्या चालायच्या वाय-फायवर. एका वाय-फायच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाताना ट्रॉलीचा संपर्क तुटायचा, आणि संपर्क तुटला की ट्रॉलीने जागच्या जागी थांबायचं असा सुरक्षेचा नियम. त्यामुळे ती रस्त्यातल्या गायीसारखी मधोमध उभी राहायची आणि माणसं रोल खांद्यावर मारून तिला वळसा घालून जायची.

मालकांचं नाव किरीटभाई. त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं. दोघं म्हणजे मी आणि आबा. आबा का आले तर, "दिवाईमा पोर एकली कशी राही? मी बी येस," म्हणून पिशवी घेऊन ते माझ्या आधी दारात उभे होते. कारखाना दिवाळीतच बंद असतो, काम तेव्हाच करावं लागतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

किरीटभाईंनी आबांना नमस्कार केला, खुर्ची दिली आणि त्यांनाच विचारलं, "तो साहेब, कितना टाइम लगेगा?"

आबा म्हणाले, "मला काय विचारता? साहेब ती आहे."

किरीटभाई माझ्याकडे वळले. माणूस रोखठोक. "देखो बेन, अपने को वार्ता नहीं चाहिए. वायफायवाले ने बहुत वार्ता सुनाई. लाभपाचम को मुहूरत है, मेरे भाई आएंगे, पूरा जरी बाजार आएगा. ट्रॉली पूरी शेड का तीन चक्कर मारेगी. बीच में खड़ी रही तो तुम्हारा सामान उतारो और राम राम."

वार्ता म्हणजे गोष्टी, आणि लाभपाचम म्हणजे दिवाळीतल्या पाडव्यानंतरची पंचमी. हे माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. पुण्याला साहेबांनी निघताना सांगितलं होतं की हे पार पडलं तर गुजरातची पुढची सगळी कामं तुझ्याकडे, नाही पडलं तर पुन्हा दुसऱ्यांच्या हाताखाली. म्हणजे तीन चकरांवर सगळं होतं.

कारखान्याचा इलेक्ट्रिशियन जगदीश सुट्टीतही थांबला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडात सतत बडीशेप. माझं मराठी ऐकून त्याने आबांना विचारलं, "कोन्तं गाव तुमनं, आबा?"

"पारोळाकडलं."

"मंग तं घरनाज शेतस तुम्ही." आणि त्याने लगेच आबांना कपातला चहा बशीत ओतून दिला. चहा बशीतून प्यायची पद्धत आमच्याकडे म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. इथे कोट्यधीश किरीटभाईसुद्धा बशीच तोंडाला लावतात.

पहिले दोन दिवस अँटेना चढवण्यात गेले. शेडच्या तीन भागांना तीन, चपट्या पेटीसारख्या, उंच खांबांवर. खाली ऑफिसच्या शेजारच्या खोलीत नेटवर्कचं कपाट. ट्रॉली चालवून पाहिली, सुरेख चालली. जगदीश म्हणाला, "झालं की ताई. चला, लोचो खाऊ."

लोचो खाल्ला. बेसनाचा ढोकळा बिघडला म्हणजे लोचो, असं मी ऐकलं होतं. बिघडलेला पदार्थ इतका चांगला लागत असेल तर नीट केलेल्याच्या मागे माणसाने का लागावं, असं वाटलं. वर तेल, हिरवी चटणी आणि शेव. आबांनी तीन प्लेट खाल्ल्या आणि म्हणाले, "इतली वरीस सुरतले ऱ्हायनू, बसीसन कधी खाधं नही." लूमवाल्याला बसून खायला वेळ नसायचा.

पण मी काम झालं असं मानलं नव्हतं. शेड रिकामी होती. रोल आत आले की ते आरशांसारखे, लहरी त्यावरून उडतात आणि भलतीकडे जातात. मी किरीटभाईंना सांगितलं, मुहूर्ताआधी रॅक भरून चाचणी घ्यायची आहे.

"दिवाली में मजूर कहां से लाऊं?"

"मजूर नको. गोदामाची चावी द्या."

चावी मिळाली. ढकलगाडीवर रोल चढवून मी, जगदीश आणि आबांनी रॅक भरल्या. किरीटभाईंचा वॉचमन लांबून बघत होता. त्याने जगदीशला विचारलं की ही खरंच इंजिनियर आहे का. जगदीश म्हणाला, "खानदेशातली आहे. आमच्यात इंजिनियर पण हमाली करतो."

आणि ट्रॉली थांबली. मधल्या रॅकांच्या मागे, जिथे काल सुरेख चालली होती तिथेच. मी मनातून खूश झाले. ही चूक आधीच माझ्या हाती सापडली होती, बाजारासमोर उघडी पडली नव्हती. मधली अँटेना खांबावरून काढून पलीकडच्या तुळईला नेली, तोंड थोडं खाली वळवलं, बाकी दोघींची ताकद कमी-जास्त केली. संध्याकाळी ऊन तिरपं होऊन रोलांवर पडलं होतं, सगळी शेड सोन्याची झाली होती, आणि त्या सोन्यातून ट्रॉली न थांबता फिरून आली. आबा तिच्या मागोमाग चालत गेले आणि तिच्यासोबत परत आले.

पर्वत पाटिया

गुजराती नवं वर्ष पाडव्यालाच. पहाटे आम्ही उतरलो होतो तिथल्या गल्लीतून आरोळ्या ऐकू आल्या, "सबरस, सबरस." खाली जाऊन पाहिलं तर मीठ विकत होते. वर्षाची पहिली खरेदी मिठाची करायची, म्हणजे वर्षाला चव राहते. आमच्याकडे पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते आणि ताटात काय पडतं ते बघते. मला मिठाची पद्धत जास्त आवडली, त्यात कोणाचं तोंड बघावं लागत नाही. मी मूठभर घेतलं. दिवसभर जो भेटेल तो "साल मुबारक" म्हणत होता आणि मठिया पुढे करत होता. मठिया पापडाएवढी पातळ असते आणि एक खाऊन कोणी थांबल्याचं मी पाहिलं नाही.

भाऊबीजेला जगदीशने घरी बोलावलं. पर्वत पाटियाच्या मागे, कापडाच्या गोदामांच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याची बायको अहिराणीत बोलायची, दोन्ही मुली एकमेकींशी गुजरातीत आणि टीव्हीशी हिंदीत. वहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. सुरतेत बसून घरचं भरीत खाताना आबांनी बाहीने डोळे पुसले.

"काय झालं आबा?" मी विचारलं.

"काही नही. मिरची चांगली शे."

जगदीशची बहीण साक्रीला. मी त्याला ओवाळलं. त्याने ताटात पेन टाकलं, "ताई, सही करायला लागेल तुम्हाला," म्हणाला. वहिनी हसत म्हणाल्या, "बहीण आली तर पेन, मी मागितलं तर मीटर टेस्टर."

जेवण झाल्यावर आबा आणि जगदीश "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणून गेले. पिशवीत काहीतरी घेऊन आले. काय ते विचारलं तर आबा म्हणाले, पूजेचं सामान. मी पुढे विचारलं नाही. ते नारळ-अगरबत्ती असेल असं मला वाटलं.

लाभपाचम

लाभपाचमीला सुरतेतल्या पेढ्या नि कारखाने उघडतात. शेडच्या दारात झेंडूची तोरणं, जमिनीवर रांगोळी, ट्रॉलीला कुंकवाचा चांदलो, म्हणजे टिळा. किरीटभाईंचे दोघे भाऊ आले, जरी बाजारातली दहा-पंधरा मंडळी आली आणि खुर्चीवर बा बसल्या, किरीटभाईंच्या आई. नव्वदीच्या असाव्यात, पांढरा साडला, चष्म्याला दोरी. सगळा कारखाना त्यांच्याकडे बघून चालतो हे पहिल्या पाच मिनिटांत कळत होतं.

पूजा चालू असताना किरीटभाईंनी मला ऑफिसात बसवून मोठ्या भावाला सगळं समजावायला लावलं. विहिरीची गोष्ट त्यांना पटली. "एटले पाणी आपणुं," ते म्हणाले. आरतीची घंटा वाजली तेव्हा आम्ही बाहेर आलो. किरीटभाईंनी बटण दाबलं आणि ट्रॉली निघाली.

पहिला भाग पार झाला. मधल्या रॅकांच्या तोंडाशी ती थांबली.

मग मागून बाजारातल्या एकाने विचारलं, "किरीट, तारी ट्रॉलीनो आजे उपवास छे?" आणि मंडळी हसली. किरीटभाई हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते जे बोलले नाहीत ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

मी घाबरले, हे खरं आहे. पण कॉलेजात आणि नंतर नोकरीत मी एक गोष्ट शिकले आहे, आधी घाबरायचं की आधी बघायचं असा प्रश्न आला की आधी बघायचं. लॅपटॉप उघडला. पहिली अँटेना ठीक, तिसरी ठीक. मधलीची ताकद सकाळपर्यंत चांगली होती आणि पूजा सुरू झाल्यावर एकदम खाली आली होती. यंत्र बिघडलं की कपाटात दिवा लाल होतो. दिवा हिरवा होता. म्हणजे ती बोलत होती, पण तिचा आवाज बाहेर येत नव्हता. तिच्यासमोर काहीतरी आलं होतं. रोल तर चाचणीच्या वेळच्याच जागी होते.

मी रॅकांच्या मागे गेले आणि वर पाहिलं.

अँटेनावर चुंदडी होती, देवीला वाहतात ती ओढणी. लाल, गच्च जरीची, दोन-तीन पदरी घडी करून चारही बाजूंनी गुंडाळलेली, वर नारळासारखी गाठ. इतकी सुंदर दिसत होती की पूजेच्या वेळी आल्या-गेल्याने तिच्याकडे मान वर करून पाहिलं असणार. फक्त मी ऑफिसात होते.

"आ कोणे बांध्युं?" किरीटभाई माझ्या मागे आले होते.

जगदीश शिडीकडे बघायला लागला. आबा पुढे झाले. "मैंने." मग माझ्याकडे वळून हळूच, "मन्हं काही चुकनं का, बाई?"

नंतर त्यांनी मला सांगितलं. ते लूमवर असताना नवीन लूम आला की शेठ त्याला चुंदडी चढवायचा आणि कामगार मागे उभे राहून टाळ्या वाजवायचे. यंदा यंत्र आपल्या मुलीचं, तर चुंदडी आपण चढवायची, आणि बाजारातली सगळ्यात भारी जरीची चढवायची. मधल्या अँटेनावर का, तर ती बसवताना मी सगळ्यात जास्त कष्ट घेतले होते, ते त्यांनी पाहिलं होतं.

मी किरीटभाईंना म्हटलं, "माझ्या वडिलांनी बांधली. हक्क त्यांचाच आहे. पण जरीत धातू आहे, तुमच्याच धंद्याची वस्तू, तुम्हाला मी काय सांगू. अँटेनाच्या तोंडावर धातूचा पडदा आला आहे. काढावी लागेल."

"ना," खुर्चीतून आवाज आला. बा. "मुहूर्तनी चुंदडी उतारे नहीं. चढावेलुं पाछुं न लेवाय."

बाजाराची मंडळी आता जवळ आली होती. वाहिलेलं परत घेणं म्हणजे अपशकुन, हे आमच्याकडेही तसंच आहे, त्यामुळे बांना चूक म्हणायची सोय नव्हती. आबांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की चुंदडी काढायची गरजच नाही. ही अँटेना पुढच्याच बाजूला बघते. तिच्या पाठीशी काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

मी बांच्या खुर्चीपाशी खाली बसले. "बा, उतारना नहीं है. इसके मुंह पर पल्लू आ गया है. मुंह खुला करना है. चुंदडी पीछे रहेगी, सर पर."

बांनी चष्मा पुसून वर पाहिलं. "तो एम कहो ने. वहुए घूमटो ताण्यो छे, ने तमे बधा पूछो छो के बोलती केम नथी?" नव्या सुनेने घुंगट ओढलाय आणि तुम्ही विचारता ती बोलत का नाही. मंडळी पुन्हा हसली, पण हे हसणं वेगळं होतं. घुंगट काढायचा नसतो, वर करायचा असतो, आणि तो घरच्या वडीलधाऱ्याने करायचा असतो, असं बांनी सगळ्यांना ऐकवलं. मग आबांकडे बोट केलं. "वेवाई, चढो."

बांनी मुलीच्या बापाला सगळ्या बाजारासमोर व्याही म्हटलं होतं. जगदीशने शिडी धरली. आबा चढले. मी खालून सांगत होते, "गाठ सोडा, आबा. पुढचा पदर मागे. अजून मागे. तुळईला बांधा. पेटीचं तोंड पूर्ण मोकळं पाहिजे." त्यांनी चुंदडी मागे नेली, तुळईला नीट गाठ मारली, काठ सरळ केला. लॅपटॉपवर रेघ वर चढली आणि आधीच्या जागी जाऊन थांबली.

"चालू करा," मी म्हटलं.

ट्रॉली निघाली. मधले रॅक ओलांडून गेली, टोकाला वळली, परत आली. दुसरी चक्कर. तिसऱ्या चकरेत ती उपवासाची थट्टा करणाऱ्या गृहस्थांसमोर आली तेव्हा ते वाटेत उभे होते. ट्रॉली त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर थांबली, ते बाजूला झाले, ती पुढे गेली. "आ तो माणसने ओळखे छे," ते म्हणाले. मी सांगितलं की ट्रॉलीने समोर अडथळा बघितला आणि थांबली, आणि ते थांबणं नि निघणं दोन्ही ऑफिसातल्या पडद्यावर त्याच क्षणी दिसलं. त्यांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. त्यांच्यामागे आणखी दोघे उभे होते.

किरीटभाईंनी पेढा आधी आबांना भरवला, मग मला. "बेन, सामान रहने दो," एवढंच म्हणाले. सुरती माणूस यापेक्षा जास्त कौतुक करत नाही, असं जगदीशने नंतर मला सांगितलं. शिवी दिली असती तर आणखी मोठं कौतुक.

दुपारी बांच्या शेजारी बसून जेवलो. पुरी, उंधियुं, श्रीखंड. बांनी आबांना विचारलं, कोणत्या मिलमध्ये होता. आबांनी सांगितलं. बा म्हणाल्या, तेव्हा त्या बाजूला फक्त लूमचाच आवाज होता, आपल्या घरातही ऐकू यायचा. आबा म्हणाले, "हो, बा. त्यातला थोडा माझा."

परत

त्या दिवसापासून आजपर्यंत चलथाणच्या कारखान्यातल्या ट्रॉल्या नेटवर्कमुळे एकदाही मध्येच थांबलेल्या नाहीत. मशीनवर उभ्या कामगारांना आता कारखान्याचे फोन दिले आहेत, ते शेडच्या प्रत्येक कोपऱ्यात लागतात, आणि आवाज फार असेल तिथे मनगटावरचा पट्टा थरथरतो. ती मागणी किरीटभाईंची नव्हती. मी सुचवली आणि त्यांनी लगेच मान्य केली. बाजारातल्या तिघांपैकी दोघांची कामं सुरू झाली आहेत, एक सचिन नावाच्या गावात, एक कडोदऱ्याला, आणि दोन्हींवर मी आहे.

जरीच्या त्या शेडला स्वतःचं नेटवर्क आहे. ते मी उभारलं, ते चालतं, आणि हस्तांतराच्या कागदावर जबाबदार अभियंता म्हणून माझी सही आहे.